किती राहिलं, ते विचारायचं नाही

"पण तुम्हाला स्वतःला स्वयंपाक येतो का हो?"

प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण त्यात तिचा वाटा फक्त आवाजाचा होता. बाकी सगळं कारस्थान मागच्या रांगेतल्या तिच्या दोन मैत्रिणींचं, चष्मिष आणि कुजबूज यांचं. "विचारून दाखव, तर मानलं!" असं कुजबूज तिच्या कानात म्हणाली, आणि भिंगरीला असं कोणी म्हटलं की संपलंच. ती ताडकन उभी राहिली. हॉलमधल्या चाळीस घडीच्या खुर्च्या एकदम करकरल्या, कारण चाळीस माना एकदम वळल्या.

समोर उभा होता मीठवाला.

खरं तर तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला आहारतज्ज्ञ. चोवीस वर्षांचा, उंच, नवाकोरा. पण पहिल्याच शनिवारी त्याने एक छोटा चमचा वर धरून "घरातल्या प्रत्येकाला दिवसाला एवढंच मीठ, त्याहूनही कमी चालेल" असं जाहीर केलं, आणि सगळ्या काकूंनी त्याचं बारसं करून टाकलं. आत्ताही चमचा त्याच्या हातातच होता. आणि कान... अगं बाई, कान लालेलाल!

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे... अंडं उकडता येतं. बहुतेक वेळा."

"बहुतेक वेळा म्हणजे?"

"दोनदा पाणी आटलं."

हॉल हसून हसून कोसळला. तळमजल्याच्या काकूंनी तर पदराने डोळे पुसले. "अहो, मग आम्हाला कसले धडे देताय!"

"काकू, अन्नात काय असतं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "ते होतं कसं, ते नाही." मग त्याने भिंगरीकडे पाहिलं. सरळ, न चिडता. हसू मात्र ओठांच्या एकाच कोपऱ्यात. "तुम्हाला येतो?"

"येतो म्हणजे काय! आईची मुलगी आहे मी."

"मग शिकवा. मागे स्वयंपाकघर आहे. वर्ग सुटल्यावर."

भिंगरी मटकन खाली बसली. पहिल्या रांगेत तिची आई रक्तदाब मोजून घ्यायला हात पुढे करून बसली होती. त्या दिवशी आईचा आकडा जरा जास्तच आला.

इमारतींच्या त्या वसाहतीत साठेक कुटुंबं राहायची आणि त्यातलं एकही मूळचं तिथलं नव्हतं. कोणाचे बाबा पूल बांधायला आलेले, कोणाची आई प्रयोगशाळेत, कोणाचं कोण बँकेत. सगळे करारावर. आणि घरापासून लांब आलं की माणसं चालतात कमी आणि खातात जास्त. घराची आठवण आली की डबा उघडायचा, एवढंच औषध हाताशी असतं ना! म्हणून दवाखान्याने शनिवारचा हा वर्ग काढला होता. सकाळी दहापासून रक्तदाब, वजन, आणि मीठवाल्याचा सल्ला. प्रत्येकाने एक वही ठेवायची. काय खाल्लं, किती खाल्लं, भूक होती की नव्हती, सगळं खरं खरं लिहायचं. तो घरी नेऊन वाचायचा आणि कडेला हिरव्या शाईने शेरे मारायचा.

भिंगरीचं वय एकोणीस पूर्ण, विसावं लागलेलं. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. नाव तिला बाबांनीच पाडलेलं, लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. पण एका जागी बसू देत होतं कोण? बाबांचे पूल कधी ह्या नदीवर, कधी त्या. हे तिचं पाचवं गाव, चौथी भाषा. भाषा ती पाण्यासारखी पिऊन टाकायची. आई मात्र प्रत्येक नव्या भाषेच्या काठावरच उभी. डॉक्टरकडे, दुकानात, टपालखात्यात आईचं बोलणं म्हणजे भिंगरी. "हिला विचार," एवढं एकच वाक्य आईने पाचही गावांत हाताने बोलून दाखवलं होतं.

तर शिकवणी सुरू झाली.

हॉलमागचं स्वयंपाकघर लांबट, अरुंद. एक खिडकी, दोन शेगड्या, आणि कोपऱ्यात तळमजल्याच्या काकू. त्या लसूण सोलायच्या निमित्ताने बसत. लसूण किती सोलली जायची कोण जाणे, कान मात्र सोलून तयार असायचे.

"कांदा असा धरतात?" भिंगरी कपाळाला हात लावायची. "तो काय पळून चाललाय?"

"माझ्या हातून सगळंच पळतं," तो म्हणायचा. डोळ्यांतून धारा, सुरी हातात. "मी रडतोय म्हणून नापास करू नका."

"रडण्याचे गुण वेगळे आहेत."

"किती पडले?"

"आधी चिरून दाखवा!"

काकू खोकायच्या. दोघं आपापल्या पातेल्यात बघायची. वाफेने खिडकी पांढरी व्हायची, आणि त्या पांढऱ्या काचेवर तो बोटाने भाजीतल्या लोहाचं प्रमाण लिहून दाखवायचा. भिंगरीला आकडे दिसायचेच नाहीत. बोट दिसायचं.

तिसऱ्या शनिवारी ती आली तेव्हा ओट्यावर सगळं मांडलेलं होतं. पातेलं, डाव, चिरायची फळी. पण काहीतरी नेहमीपेक्षा सोपं वाटत होतं. हात आपोआप जात होता. मग लक्षात आलं. तिच्या बाजूच्या सगळ्या दांड्या, सगळ्या मुठी डावीकडे वळवलेल्या होत्या.

"हे कोणी...?"

"तुम्ही डावखुऱ्या आहात ना," तो डाळ धुता धुता म्हणाला, वर न बघता. "दर वेळी हात आडवा घालून घेता. बघून माझाच खांदा दुखायला लागला."

एकोणीस वर्षांत कोणी असं केलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. भिंगरी, जिची जीभ पाच गावांत कधी थांबली नाही, ती चक्क गप्प झाली. काकूंनी लसूण खाली ठेवून वर पाहिलं, इतकी ती शांतता मोठी होती.

आता त्या वसाहतीची एक रीत सांगायला हवी. तिथे नवा माणूस भेटला की नाव नंतर. आधी प्रश्न, "किती वर्षं?" आणि वर्ष उलटलं की, "किती राहिलं?" तीन वर्षं राहिली असतील तर चहाला बोलावणं. वर्ष राहिलं तर नुसता नमस्कार. आणि सहा महिन्यांच्या आत असेल, तर लोक जिन्यात हसतात खरे, पण थांबत नाहीत. उद्या जाणाऱ्या माणसात जीव कोण अडकवणार? भिंगरीने हे दोन्ही बाजूंनी भोगलं होतं.

म्हणून त्याने एकदा सहज, भात निथळता निथळता "बाय द वे, तुमचं किती—" असं सुरू केलं, तशी तिने डाव उगारला.

"ते विचारायचं नाही! ह्या स्वयंपाकघरात बंदी आहे."

"का?"

"उत्तर कळलं की माणसं जपून बोलायला लागतात."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. भात निथळायचा राहिला. "बरं," तो म्हणाला. "मी नाही विचारणार. तुम्हीही मला विचारायचं नाही."

"कबूल."

"कबूल, भिंगरीबाई."

आणि मग दोन महिने... दोन महिने काय सांगावेत! सोमवार, मंगळवार, बुधवार हे दिवस नुसते शनिवारचे जिने झाले. वही म्हणजे तर गंमतच. ती लिहायची, "गुरुवार: दोन वाट्या भात, डाळ, काकडी. भूक: भरपूर." कडेला हिरवी शाई, "काकडी मोजून दोन तुकडे, असा संशय आहे." ती उत्तर लिहायची, "तीन! हवं तर काकूंना विचारा." चष्मिषने एकदा वही चाळली आणि चष्मा काढून पुसला. "ही आहाराची वही आहे? अगं, ह्यात अन्न कमी आणि लाडीगोडी जास्त आहे."

"तुझं काहीतरीच," भिंगरी म्हणाली. आणि वही उशीखाली ठेवली.

मग एका सोमवारी बाबा घरी लवकर आले. बूट काढायच्या आधी बोलले, म्हणजे बातमी मोठी. "नवा पूल मिळाला. पाच आठवड्यांत निघायचं."

आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "थंडी आहे का तिकडे?" बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "आहे, पण सवय होते." भिंगरीने नेहमीप्रमाणे मान डोलावली. पाचव्यांदा डोलावत होती, मानेला पाठ झालं होतं. फक्त ह्या वेळी ताटातला घास तोंडापर्यंत गेला आणि परत खाली आला.

सांगायचं तर होतं त्याला. त्या शनिवारी ठरवून गेली. पण तो दारातच उभा, हातात काचेची बरणी, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. "मी केलंय! एकट्याने! घरी!" आत भाज्यांचं सूप होतं. रंग संशयास्पद. तिने चमचा तोंडात घातला.

"मीठ?"

"...राहिलं."

"मीठवाल्याच्या घरी मीठ राहिलं?"

तो हसला, ती हसली, काकूंच्या हातातली लसूण सांडली. आणि अशा हसण्याच्या मध्ये 'मी चालले' हे दोन शब्द कुठे ठेवायचे, ते भिंगरीला कळेना. पुढच्या शनिवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या.

वहीने मात्र चुगली केली. "मंगळवार: रात्री काही नाही. भूक नव्हती. बुधवार: अर्धी वाटी भात. भूक नव्हती." कडेला हिरवी शाई, ह्या वेळी विनोद नव्हता. "बरं नाही का?" तिने खूप वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, "बरं आहे. नुसतंच..."

नुसतंच! शब्दकोशात ह्याचा अर्थ कोणी द्यावा.

हॉलच्या दारापाशी एक लांब टेबल असायचं. वसाहत सोडून जाणारी मंडळी सामानात न मावणारं सगळं तिथे ठेवत. अर्धा भरलेला तांदळाचा डबा, कुंड्या, कुकर, मसाल्यांच्या बरण्या. ज्याला हवं त्याने न्यावं. नवी कुटुंबं ह्याच टेबलावर आपला पहिला संसार जमवत. आणि टेबलावर काही नवीन दिसलं, की दुपारच्या आत "कोण चाललं?" हे सगळ्यांना कळलेलं असायचं.

भिंगरी नव्या घराच्या कागदपत्रांसाठी बाबांबरोबर बाहेर गेली होती, त्या शुक्रवारी आईने अकरा बरण्या नेऊन त्या टेबलावर ठेवल्या. भिंगरीला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दर वेळी तेच करतो की आपण.

आणि प्रत्येक बरणीवर भिंगरीच्या अक्षरात चिठ्ठी होती. हळद. जिरं. मोहरी. खाली तेच नाव इथल्या भाषेत, आईला दुकानात दाखवायला सोपं म्हणून.

शनिवारी भिंगरी स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा काकू नव्हत्या. त्यांचा रक्तदाब घ्यायचा राहिला होता, ते बाहेर चाललं होतं. शेगडी बंद होती. तो खिडकीपाशी उभा होता, जिऱ्याची बरणी दोन्ही हातांत धरून.

"मला जिरं हवं होतं," तो म्हणाला. "घरी स्वयंपाकघर मांडायचं म्हणून. टेबलावर दिसलं. अक्षर ओळखलं."

"मी सांगणार होते..."

"तू सांगितलं नाहीस."

तू. दोन महिने 'तुम्ही', 'भिंगरीबाई', 'बाईसाहेब', सगळं झालं होतं. 'तू' आज पहिल्यांदा आलं, आणि आलं ते असं रागावून. दोघांनीही ते ऐकलं. कोणीच परत घेतलं नाही.

"कधी?"

"दोन आठवड्यांनी."

"आणि कळून?"

"...तीन."

त्याने बरणी ओट्यावर ठेवली, इतकी अलगद की तिला रडूच आलं. आपटली असती तर बरं झालं असतं.

"माझे चार महिने राहिले होते," तो म्हणाला. "मंगळवारी मी सही केली. आणखी तीन वर्षांची."

"काय? का पण?"

"का म्हणजे? उकडलेल्या अंड्यांसाठी कोणी परक्या गावात तीन वर्षं राहतं का, भिंगरी?"

बाहेर हॉलमध्ये कोणीतरी खुर्च्या घड्या करत होतं. खट्, खट्, खट्. की ते तिच्याच छातीत होतं?

"विचारायचंस तरी आधी!" तिच्या तोंडून निघालं.

"बंदी कोणी घातली होती?"

दोघांना एकाच वेळी हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच मोडलं. दोघं शहाणी, दोघांनी शब्द पाळलेला. म्हणून एकजण राहण्यासाठी सही करून बसला आणि एकजण निघाली.

"मग आता म्हण ना," ती हळूच म्हणाली. इतकी हळू, की ती भिंगरी आहे असं वाटू नये. "थांब म्हण."

तो पुढे आला, एक पाऊल. तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी त्याने दोन बोटांनी उचलून जागेवर ठेवली, आणि हात लगेच मागे घेतला.

"नाही म्हणणार," तो म्हणाला. "मनात दिवसभर तेच म्हणतोय. पण तुला नाही सांगणार. पाच गावं तू कोणीतरी सांगितलं म्हणून आलीस, कोणीतरी सांगितलं म्हणून सोडलीस. त्या सांगणाऱ्यांत मी आणखी एक कशाला?"

"मग मी काय करू?"

"ते मला माहीत असतं तर..." त्याने ओट्यावरची बरणी उगाच सरळ केली. "एवढंच कळतं, की तू गेलीस तरी मी शनिवारी इथे येणार. आणि दांड्या डावीकडे वळवणार. सवय लागलीय."

दार उघडलं. "झालं का तुमचं?" काकू दंडावरची बाही खाली करत आत आल्या. "माझा एकशेतीस आला. लसूण कुठेय?" दोघांचे चेहरे पाहून त्या थबकल्या, आणि लसूण न घेताच बाहेर गेल्या. त्या दोन महिन्यांतलं त्यांचं ते सगळ्यात मोठं दान होतं.

पुढचे आठ दिवस भिंगरी तिच्या आयुष्यात कधी नव्हती इतकी एका जागी बसली. खिडकीत, जिन्यावर, वर्गात. तिला त्याची आठवण यायची, आणि तो तर समोरच्याच रस्त्यावर असायचा! लांब गेल्यावर आठवण येते हे तिला माहीत होतं. जवळ असताना येणारी ही कुठली जात?

कॉलेजात बाईंनी तिचा बदलीचा अर्ज पाहिला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तिकडे दुसरं वर्ष पुन्हा करावं लागेल. हे तुझ्या लक्षात आहे ना?"

"मागच्या गावातून आले तेव्हाही बारावी पुन्हा केली होती, मॅडम."

"आणि ह्या वेळी तुला जायचंय?"

गंमत बघा. साधा प्रश्न. आजवर कोणी विचारलाच नव्हता. भिंगरीने तोंड उघडलं आणि त्यातून उत्तर आलं नाही. वसतिगृहाचा अर्ज कुठे मिळतो, हा प्रश्न आला.

एकच गोष्ट अडवत होती. आई. नव्या गावात आईच्या बाजूने कोण बोलणार?

बुधवारी ती घरी आली तर दाराला कुलूप. आई कुठे? आई एकटी कधी कुठे जात नाही! भिंगरी जिने उतरत पळत सुटली, आणि फाटकापाशी आईच समोरून येताना दिसली. हातात औषधांची पिशवी, गाल लाल.

"दवाखान्यात जाऊन आले," आई म्हणाली.

"एकटी? बोललीस काय?"

"जे सुचलं ते. डोकं दुखतं म्हणायचं होतं, मी म्हणे डोकं हरवलं असं सांगितलं. नर्स इतकी हसली! मग मीपण हसले. मग तिने नीट विचारलं, मी नीट सांगितलं. गोळी बदलून दिली." आईने घाम पुसला. "तू इतकी वर्षं माझ्या आधी बोलायचीस ना, मला वेळच मिळायचा नाही."

भिंगरी आईकडे बघतच राहिली. आईही तिच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

"काय गं?" आई म्हणाली. "जेवत का नाहीस हल्ली?"

"जेवते की."

"हं."

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाबांनी ताटं बाजूला सरकवून लॅपटॉप उघडला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "चला, तिकिटं काढून टाकू. सकाळचं विमान बरं पडेल. भिंगरे, तुला खिडकी हवी ना?"

भिंगरीचे हात मांडीवर होते. आवाजाने तिला कधी दगा दिला नव्हता.

"बाबा, तिकिटं दोनच काढा."

बाबांचं बोट अधांतरी थांबलं. "म्हणजे?"

"मी येत नाहीये. वसतिगृहात जागा मिळतेय, मी अर्ज भरला. दोन वर्षं राहिलीत, ती इथेच पूर्ण करणार. दर सुट्टीत येईन, आई, रोज फोन करीन. पण ह्या वेळी मी नाही निघणार."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पाण्याचा पेला गोल गोल फिरवत होती. मग बाबा भिंगरीकडे वळले, आणि त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, नुसता एकदम म्हातारा झाला होता. "त्या मीठवाल्याने सांगितलं का, थांब म्हणून?"

"नाही. मी म्हण म्हटलं, तरी नाही म्हणाला."

"मग?"

भिंगरी उभी राहिली. ह्या वेळी मागच्या रांगेत कोणी नव्हतं, कोणी "विचारून दाखव" म्हटलेलं नव्हतं.

"मला माझं वर्ष पुन्हा करायचं नाहीये, बाबा. आणि तो मला आवडतो. खूप. थांबण्याची कारणं दोन्ही आहेत, एक लपवून दुसरं नाही सांगणार. त्याला अजून काहीच माहीत नाही. आधी तुम्हाला सांगतेय... मी थांबणार आहे."